ह्यूमसाहेबांचे सागरपक्षी

इतिहासाच्या पेपरात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला एका टीपेपुरते भेटते. सेवानिवृत्त इंग्रज अधिकारी, १८८३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र, १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेची स्थापना, आणि शेवटी तो सुप्रसिद्ध सुरक्षा झडपेचा सिद्धांत. एवढे चार मुद्दे लिहिले की परीक्षक संतुष्ट आणि परीक्षार्थीही संतुष्ट. मीही दोन वर्षे एवढेच लिहीत आलो. या गृहस्थाला टीपेच्या बाहेरही आयुष्य होते, हे मला एका टिटवीमुळे कळले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपल्या एरंडोलचा मे कसा असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. अशाच एका दुपारी कामानिमित्त अंजनी धरणाच्या बाजूने येत असता काठाच्या गोट्यांमध्ये एक टिटवी उभी दिसली. ती बसलेली नव्हती, उभी होती. चोच उघडी, पंख किंचित सैल सोडलेले, आणि तिच्या सावलीत तीन-चार मातकट अंडी. थोड्या वेळाने ती धावत पाण्यात गेली, पोट पाण्यात बुचकळले, आणि निथळत्या पोटाने परत येऊन अंड्यांवर टेकली. माझी अशी समजूत होती की पक्षी अंडी उबवतो म्हणजे त्यांना ऊब देतो. ही बया तर अंड्यांना गारवा देत होती!

भूगोलाच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी हसून ग्रंथालयाची वाट दाखवली. खानदेशातल्या पक्ष्यांविषयी कोणी काही लिहिले आहे का, हे शोधता शोधता जेम्स डेव्हिडसन या नावापाशी पोचलो. हा इथला सनदी अधिकारी. जळगाव आणि धुळे असे दोन भाग १९०६ साली झाले. त्याच्या वेळी सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी तयार केली आणि ती १८८२ साली 'स्ट्रे फेदर्स' नावाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. स्ट्रे फेदर्स म्हणजे विखुरलेली पिसे. संपादक कोण, तर ए. ओ. ह्यूम. टीपेतला ह्यूम आणि हा ह्यूम एकच, हे पटायला मला दोन दिवस लागले.

ह्यूम १८२९ साली इंग्लंडात जन्मले. वडील जोसेफ ह्यूम हे मूळचे स्कॉटिश डॉक्टर. कंपनी सरकारच्या नोकरीत त्यांनी हिंदुस्थानात पैसा आणि इथल्या भाषांचे ज्ञान दोन्ही मिळवले, आणि मायदेशी परतल्यावर पार्लमेंटात जहाल सुधारकांचे पुढारी म्हणून नाव काढले. सरकारी खर्चाचा पै-पैचा हिशेब मागणारा हा बाप होता, आणि मोजदादीचे वेड मुलात आले ते तिथूनच, असे मला वाटते. मुलगा तेराव्या वर्षी आरमारात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि काही काळ भूमध्य समुद्रावर होता. पुढे वैद्यकाचे शिक्षण, मग हेलिबरीचे कंपनीचे कॉलेज, आणि १८४९ साली बंगाल सनदी नोकरीत प्रवेश. नेमणूक झाली आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला.

इटाव्यातल्या कामगिरीवर खरे तर वेगळा लेख व्हावा. १८५७ पर्यंत त्यांनी जिल्ह्यात १८१ शाळा उभ्या केल्या होत्या आणि त्यांत ५१८६ विद्यार्थी शिकत होते. त्या ५१८६ मध्ये मुली होत्या दोन. पण हा दोनचा आकडाही ते लपवत नाहीत, नोंदवून ठेवतात, हे मला महत्त्वाचे वाटते. मग उठाव झाला. त्यांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला, आणि त्या धामधुमीत आधी जमवलेले पक्ष्यांचे नमुने नष्ट झाले. परतल्यावर त्यांनी झाल्या गोष्टीचे खापर बऱ्याच अंशी इंग्रजांच्याच कारभारावर फोडले. वरिष्ठांना हे आवडले नसणार. तरी १८६० साली सरकारने त्यांना मानाचा किताब दिला. दारूच्या उत्पन्नावर सरकारने जगावे, हेही त्यांना मान्य नव्हते.

१८६७ साली त्यांच्याकडे जकात खाते आले, आणि इथे त्यांचा आपल्या शेजाराशी संबंध येतो. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून थेट ओरिसापर्यंत एक जकात-रेषा आखली होती. एकूण लांबी सुमारे अडीच हजार मैल. आणि ही रेषा आपल्या रावेरपलीकडच्या बऱ्हाणपुरावरून जात असे. रेषेवर पहारेकरी, आणि बऱ्याच लांबीत काट्यांचे कुंपण. वाळल्या काट्या दरवर्षी वाळवी खाते, वारा नेतो, आग लागते. म्हणून ह्यूम यांनी जिवंत कुंपण लावण्यावर भर दिला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर. मातीचा कस पाहून कुठे काय जगेल याचा त्यांनी प्रयोगच केला. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवणारे हे कुंपण काही अभिमानाची गोष्ट नाही, आणि राष्ट्रीय सभेच्या जनकाच्या चरित्रात त्याचा उल्लेख सहसा टाळलाही जातो. १८७९ साली ते मोडले. मिठाची ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. पुढे पक्ष्यांच्या मिठाशी गाठ पडणार आहे.

१८७१ मध्ये शेती, महसूल आणि व्यापार असे नवे खाते मध्यवर्ती सरकारात निघाले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. मुक्काम उन्हाळी राजधानी सिमला. जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल नावाचा वाडा त्यांनी विकत घेतला, आणि त्यात पक्ष्यांचे संग्रहालय थाटले. १८७२ साली 'स्ट्रे फेदर्स' सुरू केले. हिंदुस्थानभर विखुरलेले अधिकारी, इंजिनियर, चहामळेवाले, जंगलखात्याची माणसे त्यांना पक्ष्यांची कातडी आणि अंडी पाठवीत, पत्रे लिहीत. ह्यूम त्यांना शिस्त लावीत. पक्षी ताजा असतानाच माप घ्या, डोळ्यांचा आणि पायांचा रंग लगेच लिहा, कारण तो मेल्यावर उडतो. आणि जागा, तारीख, नर की मादी हे चिठ्ठीवर लिहून पायाला बांधा. चिठ्ठी नसलेला नमुना त्यांच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी. हे सारे सरकारी काम सांभाळून, पहाटे आणि रात्री.

यात हजारो पक्षी मारले गेले, हे सांगितलेच पाहिजे. दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते, बंदूक हेच अभ्यासाचे साधन होते, असे समर्थन करता येते आणि ते काही अंशी खरेही आहे. तरी संग्रहाचे आकडे वाचताना मन खट्टू होते. पुढे स्वतः ह्यूमनाही ते पटेनासे झाले. ते यथावकाश येईलच.

त्यांचे समुद्राशी जुने नाते इथे पुन्हा जागे झाले. १८७२ च्या सुरुवातीला ते सिंध आणि मकरानच्या किनाऱ्याने मस्कतच्या बाजूला गेले. १८७३ मध्ये अंदमान-निकोबार. १८७५ मध्ये आपला पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप. या सफरींतून आणि त्यानंतर त्यांनी अनेक समुद्रपक्षी शास्त्राला नव्याने ओळख करून दिले. पर्शियन शिअरवॉटर हा अरबी समुद्रावर लाटांना घासून उडणारा पक्षी त्यांनी १८७२ साली नामांकित केला. लांब शेपटीच्या लालचोची ट्रॉपिकबर्डचा आपल्याकडचा प्रकार १८७६ साली, आणि साँडर्सचा सुरय १८७७ साली. सुरय म्हणजे इंग्रजीतला टर्न. आपल्याकडे तापी-गिरणेवर, धरणांच्या पाण्यावर पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा नदीसुरय दिसतो, त्याचाच हा सागरी भाऊबंद. १८७५ हेच भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेचेही वर्ष. देशाच्या तापमानाची शिस्तशीर नोंद आणि देशाच्या पक्ष्यांची शिस्तशीर नोंद या दोन्ही गोष्टी साधारण एकाच दशकात जोर धरू लागल्या. आज त्या दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्याची पाळी आली आहे.

आता त्या टिटवीकडे वळतो, कारण तिच्या आणि ह्यूमच्या सागरपक्ष्यांच्या अडचणी एकच आहेत. पक्ष्याला घाम येत नाही. त्याच्या कातडीत घर्मग्रंथी नसतात. शरीराचे तापमान मुळातच चाळीस अंशांच्या आसपास, आपल्यापेक्षा जास्त. बाहेरची हवा त्याहून थंड असेपर्यंत तो पाय, चोच, पिसांखालची उघडी कातडी यांतून उष्णता सोडू शकतो. म्हणूनच पक्षी उन्हात पिसे फुलवतो, पंख सैल सोडतो, तोंड फिरवून उभा राहतो. पण हवाच शरीरापेक्षा तापली की हे दार बंद होते. मग एकच उपाय राहतो: तोंडावाटे पाण्याची वाफ करणे. म्हणून तो आ वासून धापा टाकतो. पाणकावळे आणि झोळीवाले पक्षी तर गळ्याची कातडी भराभर थरथरवतात. आपल्या तलावाकाठचा पाणकावळा दुपारी असे करताना कोणीही पाहू शकेल.

धाप टाकायची म्हणजे पाणी खर्चायचे. टिटवीला अंजनीचे गोडे पाणी आहे. भर समुद्रातल्या पक्ष्याने काय करावे? चहूकडे पाणी, पण खारट. माणूस ते प्यायला तर मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लघवीवाटे जाते आणि तो अधिकच सुकतो. सागरपक्ष्याच्या डोळ्यांच्या वर कवटीला लागून दोन ग्रंथी असतात. त्या रक्तातले मीठ गाळून समुद्राच्या पाण्याहूनही खारट थेंबांच्या रूपाने नाकपुड्यांतून बाहेर टाकतात. थेंब चोचीच्या टोकाशी येतो आणि पक्षी मान झटकून तो उडवतो. कवटीवरच्या या ग्रंथी शास्त्रज्ञांना पूर्वीपासून दिसत होत्या; त्यांचे काम मात्र १९५७-५८ च्या सुमारास क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. ज्या माणसाने अडीच हजार मैलांच्या जकात-रेषेवर मिठाचा कण न् कण अडवायला माणसे नेमली, त्याच्या हाताखालून अशा शेकडो कवट्या गेल्या असतील, आणि त्यांतले हे मिठाचे नाके त्याच्या हयातीत कोणालाच कळले नव्हते. मला यात थोडी गंमत वाटते.

शरीराने जे साधत नाही ते पक्षी वागण्याने साधतो. शिअरवॉटर बिळात किंवा कपारीत अंडे घालतो आणि घरट्याकडे रात्री येतो. दिवसाचे ऊन त्याने आयुष्यातून वगळूनच टाकले. ट्रॉपिकबर्ड खडकाच्या सावलीत बसतो. आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. इंग्रजांनी त्याला बर्न्ट आयलंड्स, म्हणजे जळकी बेटे, असे नाव दिले होते. तिथे सुरय वीण करतात, हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास सविस्तर लिहिले. तिथल्या दोन जातींपैकी ब्रायडल्ड टर्न कपारी आणि दगडांची आडोसाजागा शोधतो. मोठा तुरेवाला सुरय मात्र उघड्यावर, दाटीवाटीने, एकमेकांच्या चोचीच्या अंतरावर अंडी मांडतो. शत्रूपासून बचाव होतो, पण डोक्यावर सूर्य. अशा ठिकाणी आईबापांपैकी एकाने सतत अंड्यावर सावली धरून राहावे लागते. अंड्यातला जीव साधारण छत्तीस ते अडतीस अंशांत सुखात वाढतो. चाळीसच्या वर फार काळ गेला की मरतो. तापलेल्या खडकावर आई उठली, की थोड्याच वेळात अंडे शिजू लागते. ह्यूम यांच्या साँडर्सच्या सुरयाची तर उघड्या वाळूवर नुसती खळगी असते, आणि तीही अरबी समुद्र, इराणचे आखात आणि तांबडा समुद्र यांसारख्या तापट किनाऱ्यांवर.

म्हणजे उष्णतेशी झुंजण्याची विद्या या पक्ष्यांना लाखो वर्षांपासून अवगत आहे. मग हवा दोन-एक अंशांनी तापली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. मलाही तसेच वाटले होते. अडचण अशी आहे की समुद्रही तापतो आहे, आणि अरबी समुद्र त्यात मागे नाही. वरचे पाणी तापले की मासे खोल जातात किंवा दूर जातात. सुरय काही खोल बुडी मारणारा पक्षी नाही. पृष्ठभागावरचे वीतभर पाणी हेच त्याचे शेत. मासा लांब गेला की जोडीदाराला परतायला उशीर होतो. घरट्यावरचा पक्षी उन्हात धापा टाकीत, शरीरातले पाणी खर्चीत वाट पाहतो. पाण्याची भर घालणारा मासा त्याच्याही पोटात नाही. शेवटी स्वतःचा जीव की अंडे, असा प्रसंग येतो. दीर्घायुषी पक्षी अशा वेळी अंडे सोडतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा घालता येईल. पण पुढचे वर्षही तसेच निघाले तर?

यावर उपाय म्हणजे वीण थोडी आधी उरकणे. जमिनीवरच्या कितीतरी पक्ष्यांनी असे वेळापत्रक पुढे ओढले आहे. सागरपक्ष्यांचे काय, हे पाहण्यासाठी १९५२ ते २०१५ या काळातल्या ६४ जातींच्या नोंदी एकत्र करून केलेला एक जागतिक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्राच्या तापमानाप्रमाणे त्यांनी आपली विणीची तारीख सरासरीने हलवलेली नाही, असे त्यातून दिसले. आणि समुद्र अचानक तापला तर काय होते हे पॅसिफिकच्या ईशान्य भागात २०१४ ते २०१६ या काळात दिसले. मर नावाच्या, पेंग्विनसारख्या दिसणाऱ्या पण उडणाऱ्या पक्ष्यांची सुमारे ६२,००० प्रेते किनाऱ्यांवर लागली. उपासमारीने मेलेल्यांचा एकूण अंदाज आधी दहा लाखांपर्यंत होता; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणतीने एकट्या अलास्कातच तो सुमारे चाळीस लाखांवर नेला, म्हणजे तिथले निम्मे पक्षी.

पंचतंत्रात टिटवीची अंडी समुद्राने गिळल्याची गोष्ट आहे. शेवटी गरुड मध्ये पडतो आणि समुद्राला ती परत द्यावी लागतात. टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी म्हण आपण त्यावरून वापरतो. सखल बेटांवर भरतीच्या रेषेच्या जरा वर अंडी घालणाऱ्या सुरयांसाठी ही गोष्ट आता पहिल्या अर्ध्यापर्यंतच खरी आहे.

ह्यूम यांच्या हकीकतीकडे परत येतो. सचिवपदावर असताना ते वरिष्ठांना तोंडावर सुनावीत, आणि त्याची किंमत १८७९ मध्ये चुकवावी लागली. सचिवपदावरून काढून त्यांना अलाहाबादेला महसूल मंडळावर धाडण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. मध्यंतरी १८८१ मध्ये मणिपुरात शेवटची मोठी पक्षिसफर झाली. निवृत्तीनंतर एकच काम करायचे होते: हिंदुस्थानातल्या सर्व पक्ष्यांवर एक सर्वांगीण ग्रंथ. वीस-पंचवीस वर्षांच्या वह्या, टिपणे, मापे, निरीक्षणे, अर्धवट प्रकरणे असा कागदांचा ढीग रॉथनी कॅसलमध्ये तयार होता. एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर गेले. परत येऊन पाहतात तो सगळे कागद नाहीसे. घरच्या एका नोकराने ते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले होते.

मी हे वाचले तेव्हा ग्रंथालयात बसलो होतो, आणि आमच्या घरी दिवाळीपूर्वी निघणारी रद्दी डोळ्यांसमोर आली. त्या नोकराला दोष द्यावा असेही मनात येईना. त्याच्या दृष्टीने ते मणभर कागदच. काही काळाने सिमल्याच्या अतिवृष्टीत दरडी कोसळून संग्रहालयाचेही नुकसान झाले. ह्यूम यांचे मन पक्ष्यांवरून उडाले. थिऑसॉफीच्या नादाने ते शाकाहारी झाले होते आणि जीवहत्या त्यांना नकोशी झाली होती. मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्याशी पुढे बिनसले, पण शाकाहार राहिला. आपला सगळा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊ केला.

१८८५ साल उजाडले. मे महिन्यात म्युझियमचे बाउडलर शार्प सिमल्याला आले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या बनवल्या गेल्या. एकेकीचे वजन सुमारे अर्धा टन. बैलगाड्यांवरून त्या डोंगर उतरल्या आणि मुंबई बंदरातून लंडनला गेल्या. एकूण नमुने सुमारे ८२,०००, त्यांशिवाय १८,५०० अंडी. आणि त्याच वर्षी, २८ डिसेंबरला, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. अधिवेशन खरे तर पुण्याला व्हायचे, पण तिथे पटकी पसरल्याने मुंबईला आणले. टीपेत आपण लिहितो तो हा प्रसंग. त्याच्या काही महिने आधी त्याच मुंबईतून या माणसाच्या आयुष्याची कमाई जहाजावर चढली होती, हे टीपेत मावत नाही.

त्या पेट्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली आपल्या घरची. १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या गृहस्थाने मिळवलेल्या एका छोट्या घुबडाला ह्यूम यांनी १८७३ साली त्याच्याच नावावरून शास्त्रीय नाव दिले. तो आपला रानपिंगळा. वर उल्लेखिलेल्या डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर पक्षी दिसेना. १९१४ साली गुजरातेत आपल्याला तो मिळाला असा दावा कर्नल माइनर्ट्झहागन यांनी केला, आणि त्या भरवशावर शोधणारे भलत्याच ठिकाणी भटकत राहिले. अखेर असे उघडकीस आले की तो नमुना म्युझियममधून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच होता. फक्त चिठ्ठी बदलली होती. मग शोधकांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पायाला बांधलेली ती बोटभर चिठ्ठी एवढ्याचसाठी.

दुसरी गोष्ट अंड्यांची. १९६७ साली इंग्लंडात डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतल्या जुन्या अंड्यांची कवचे तपासली, आणि डीडीटीच्या वापरानंतर ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे सिद्ध केले. जुनी अंडी जपलेली नसती तर नवी पातळ आहेत हे कशावरून ठरवणार? समुद्र तापण्यापूर्वीच्या सागरपक्ष्यांचेही तसेच आहे. पंखाचे माप, अंडे केव्हा मिळाले त्याची तारीख, पिसातल्या अणूंवरून कळणारा आहार, हे सारे आधीचे आणि नंतरचे ताडून पाहावे लागते. आधीचे ट्रिंग गावच्या कपाटांत आहे. ब्रिटिश म्युझियमचा पक्षिसंग्रह आता तिथे असतो. पण नमुना सांगतो तो फक्त मेल्या क्षणाचे. जिवंत पक्षी दुपारी काय करत होता, अंड्यावर उभा होता की बसला होता, चोच उघडी होती की मिटलेली, हे वहीत असते. आणि त्या वह्यांतला मोठा भाग सिमल्याच्या बाजारात गेला.

ह्यूम १८९४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. पत्नी चार वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. राष्ट्रीय सभेचे चिटणीसपद पुढेही बरीच वर्षे त्यांच्या नावावर राहिले, पण मन रमले ते वनस्पतींत. ऐंशीच्या घरात असताना, १९१० मध्ये, त्यांनी दक्षिण लंडनच्या नॉरवूड रस्त्यावर एक घर घेऊन वनस्पतिशास्त्राची संस्था काढली. सामान्य कामकरी माणसालाही झाडे ओळखता यावीत हा हेतू. ती संस्था आजही चालू आहे. यावेळी त्यांनी बंदूक घेतली नाही. कागदावर दाबलेली पाने, आणि प्रत्येक पानाखाली पुन्हा जागा, तारीख.

३१ जुलै १९१२ रोजी ते वारले. इटाव्याला बातमी पोचली तेव्हा तिथला बाजार बंद राहिला.